मृगाआधीची यादी

मृग आता जवळ आलाय. घरोघरी सरपण आत घेणं, शाकारणी, डाळी वाळवून डबे भरणं चाललंय. आपण घराची बेगमी करतो, तशी आपल्या तालुक्याचं आरोग्य खातंही पावसाळ्याची बेगमी करतं. ती कशी होते आणि तुमच्यावाचून ती कुठं अडते, ते आज सांगते.

एप्रिल-मे महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जोखमीच्या गावांची यादी होते. नदीकाठचं गाव, मागं साथ येऊन गेलेलं गाव, यात्रा भरते ते गाव आणि ओढा भरला की तुटणारी वाडी. एका केंद्राकडे सपाटीवर साधारण 30 हजार माणसं असतात, डोंगरी आणि आदिवासी भागात 20 हजार. डॉक्टर एक, फार तर दोन. साथ आल्यावर धावाधाव करून कसं भागेल? म्हणून तुटणाऱ्या वाडीत ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, पाण्यात टाकायचं औषध आशाताईंकडे आधीच द्यायचं. सापाचं इंजेक्शन केंद्रात भरून ठेवायचं. तालुक्याला साथीचं पथक नेमायचं, जिल्ह्याला चोवीस तास फोनवर माणूस बसवायचा.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून जातं आणि रस्ता बंद होतो. अशा भागात दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवावं लागतं. आदिवासी भागातल्या काही केंद्रांत त्यासाठी ‘माहेरघर’ आहे. बाई चार दिवस आधी येऊन राहते, सोबत घरचं माणूस राहतं. सोय चांगली आहे. पण कोणाला आणायचं हे ठरतं यादीवरून.

आणि घोळ तिथंच होतो. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. तिचं नाव नोंदलेलं असतं सासरच्या उपकेंद्रात. माहेरच्या वाडीच्या यादीत ती नसतेच. सिस्टरनं यादी अगदी चोख केलेली असते, तरी रात्री ओढा भरलेला असताना जिला कळा सुरू होतात, ती तिच्या कागदावर नसते. तसंच ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या घरांचं. सहा महिने घर बंद, त्या काळातलं लेकरांचं लसीकरण राहिलेलं. कोणाची लेक आली, कोणाचं बिऱ्हाड परत आलं, हे सर्वांत आधी कळतं ते तुम्हांला, पाणवठ्यावर आणि गटाच्या बैठकीत. मग गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं याला द्या. नावं लिहा आणि आशाताईंच्या हातात ठेवा. तोंडी सांगितलेलं दिवसभराच्या फिरतीत विसरतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा गावच्या विहिरी, हातपंप, टाकी यांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे तुमच्यातल्या किती जणींनी विचारलंय? ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कशामुळं, तेही विचारा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: विहिरीला कठडा नाही, हातपंपाभोवती डबकं, नळाची पाइप गटारातून गेलेली.

पाण्यात टीसीएल पावडर टाकण्याचं काम जलसुरक्षकाचं. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं, पण पोतं उघडं राहिलं, दमट जागी पडलं, की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलं की पावडर कामाची नाही असं धरतात. म्हणजे रोज पावडर टाकूनही पाणी तसंच राहू शकतं! म्हणून नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतात. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. ती आपल्या दारातल्या नळावर करून दाखवा म्हणायला कसली लाज? शेवटच्या घराच्या नळावर तर नक्की करायला लावा. आणि पावडरीचा वास येतो म्हणून ओढ्याचं पाणी भरू नका. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून पाणी वापरायचं.

आता साथीचं. एका वस्तीत दोन-तीन जणांना एकदम जुलाब लागले, तर त्याच दिवशी आशाताईंना नाहीतर सिस्टरना कळवा. साथीच्या रोगांवर नजर ठेवायला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 पासून आहे, पण जो रुग्ण कुठं नोंदलाच गेला नाही तो वर कोणाला दिसणार? खासगी डॉक्टरनंही कळवायचं असतं. त्यावर विसंबून राहू नका. काही गावांत ‘गावाचं नाव खराब होईल’ म्हणून झाकतात. मला ते अजिबात पटत नाही. पथक येतं ते पाण्याचा नमुना घ्यायला, पाइप कुठं फुटलीय ते शोधायला. दोन दिवस उशीर झाला तर तेच पाणी आणखी वीस घरं पितात.

पथक येईपर्यंत ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, सगळं एकदम. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं नाही. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस चालू ठेवायची. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना, तर वाट न पाहता 108 ला फोन. बाळंतपणाच्या गाडीसाठी 102. नुसता सल्ला हवा असेल तर 104.

यादी करताना पोटुशी बाईच्या नावापुढं शेवटच्या पाळीची तारीख लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘दिवाळीनंतर आठ दिवसांनी’, ‘संक्रांतीच्या आधी’, असं लिहिलं तरी चालेल. सिस्टर त्यावरून दिवस काढतात. आणि शेजारी माहेरचा नाही, तिच्या स्वतःचा किंवा नवऱ्याचा फोन नंबर, सासरच्या गावाचं नाव आणि तिचं कार्ड तिनं सोबत आणलंय की नाही, तेवढं लिहा.