खिशातील नाणी आणि टाकसाळीच्या चुका



आजच्या व्याख्यानाचे साहित्य आम्ही बरोबर आणलेले नाही. ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात किंवा बटव्यात आहे. वाण्याने दिलेली मोड आपण न पाहताच खिशात टाकतो. त्या मोडीत क्वचित एखादे नाणे असे निघते, की ते टाकसाळीतूनच चुकीचे बाहेर पडलेले असते. ते ओळखावे कसे, एवढाच आजचा विषय.

आरंभी आमचीच फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आठवडेबाजारात आम्ही एक रुपयाचे नाणे दोनशे रुपयांना विकत घेतले. त्याच्या एका बाजूवर अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी, आत खोल गेलेली होती. टाकसाळीची दुर्मिळ चूक हाती लागली, ह्या आनंदात आम्ही ते आठ दिवस ज्याला त्याला दाखवीत हिंडलो. शेवटी एका जाणत्या संग्राहकांनी ते भिंगाखाली धरले आणि विचारले, "हे टाकसाळीत घडले म्हणता, तर कोणत्या कामात घडले?" आम्ही निरुत्तर झालो. तो प्रश्न आम्हांला दोनशे रुपयांना पडला. आपणांस तो फुकट देत आहोत.

त्याचे उत्तर देण्यासाठी नाणे घडते कसे, हे ठाऊक हवे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या छाटतात. मग चकतीची कड दाबून किंचित उंच करतात. शेवटी ती पोलादी कड्यात बसते आणि वरचा व खालचा असे दोन ठसे तिच्यावर दाबले जातात. टाकसाळीची चूक ह्यांपैकी कोठे तरी झालेली असते. नाणे बाहेर पडल्यावर जे होते, ती चूक नव्हे. ती इजा होय.

प्रथम छाटणी घेऊ. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी छाट जुन्या भोकावर पडते आणि चकतीच्या कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी येतो. आता असा तुकडा कानशीने कोणीही काढील! पण कड उचलताना त्या रिकाम्या जागेमुळे समोरच्या बाजूस पुरता दाब बसत नाही. म्हणून खऱ्या चुकीत तुकड्याच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. कानस वापरणाऱ्याला हे साधत नाही.

आता ठसा. ठशाला तडा गेला, की दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा मात्र खोल असतो. तेव्हा रेघ दिसली, की नखाने चाचपून पाहावे: उंच की खोल? ठशाच्या खाचेत वंगण साचले, तर एखादे अक्षर उमटतच नाही, पण शेजारची अक्षरे ठळक असतात. झिजलेल्या नाण्यात तसे नसते. तेथे सगळेच उंच भाग घासलेले दिसतात. ठसा फिरून बसला, तर तेही कळते. आपले चालू नाणे उभे धरून, पुस्तकाचे पान उलटावे तसे डावीउजवीकडे फिरवा. मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी आली, तर नाणे जपून ठेवा.

वर्षाच्या खाली खूण नाही, ही मात्र चूक नव्हे. मुंबईची टाकसाळ चौकट घालते, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब. कोलकात्याची काहीच घालत नाही.

राहिला ठोका. चकती कड्यात नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूस सरकते आणि उरलेली जागा कोरी राहते. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूस नेहमीचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस तेच चित्र उलटे व खोल उमटते. रोमन लोकांच्या चांदीच्या नाण्यांतही असे नमुने सापडतात. मग आमचे नाणे? त्यावर उलट्या अक्षरांखाली त्या बाजूचे मूळ चित्र चेपलेले दिसत होते. कोणी तरी दोन नाणी शेगड्यात धरून आवळली होती!

'शोले' (1975) मधील दोन्हीकडे छापा असलेले नाणे सर्वांना आठवत असेल. तशी नाणी बहुतेक दोन नाणी कोरून एकात एक बसवून केलेली असतात. आतल्या कडेशी सांधा शोधावा.

एक सावधगिरी. आमच्या शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे क्वचितच पूर्ण सापडतात. ती चूक नव्हे. हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा मोठा आणि चकती लहान, हा नेहमीचाच प्रकार होता. ज्या पद्धतीने नाणे घडले, त्याच पद्धतीने त्याची पारख करावी.

आता पैशाची गोष्ट. अमुक नाणे लाखाला जाते, असे सांगून आधी 'शुल्क' मागणारे लोक आज घरोघरी पोहोचले आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन असे व्यवहार चालतात, ते खोटे आहेत, असा इशारा बँकेने 2021 साली दिला आहे. निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस घरातली चार नाणी विकायला निघतो आणि पदरचे हजारो रुपये घालवून बसतो. त्याला आमच्यासारखे दोनशेवर सुटता येत नाही. खरा ग्राहक आधी नाणे पाहतो. तो आपल्याकडे पैसे मागत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर मोड मुलांपुढे ओता. भिंग द्या, पण नाणी घासूनपुसून चकचकीत करू देऊ नका. त्याने खुणा जातात. काही वेगळे दिसले, की किंमत विचारण्यापूर्वी त्यांना एकच प्रश्न विचारू द्या: हे कोणत्या कामात घडले? शंभरांत एकही चूक निघाली नाही, तरी समोरच्याचे बोलणे मानण्याआधी वस्तू पाहण्याची सवय तर लागेल. ती दुर्मिळ नाण्याहून मोलाची आहे.