तोफेच्या तोंडी बांधलेली माणसे

१८५७ च्या उठावाची चित्रे आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो आहोत. ती कोणी काढली आणि कोणासाठी काढली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आज तीन चित्रांपुरते विचारू या.

पहिले चित्र जोसेफ नोएल पेटन या स्कॉटिश चित्रकाराचे, ‘इन मेमोरियम’. १८५८ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले. भेदरलेल्या इंग्रज बायका, बिलगलेली मुले आणि दारातून घुसणारे हिंदी शिपाई. लोकांना ते सोसवेना. टीका झाली, तेव्हा पेटनने शिपाई पुसून त्यांच्या जागी सुटकेला आलेले हायलँडर सैनिक रंगवले. कानपूरच्या बीबीघरात बायकामुलांची हत्या झाली, हे खरेच आहे. ते दुःख नाकारण्याचे कारण नाही. पण तिथे सुटकेला कोणी वेळेवर पोहोचले नव्हते. चित्रात मात्र पोहोचले.

दुसरे चित्र म्हणजे फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये काढलेला लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो. आधीच्या नोव्हेंबरात तिथे सुमारे २,००० शिपाई मारले गेले होते. फोटोत पडकी इमारत आणि अंगणभर कवट्या, हाडे. कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात. पण ही हाडे फोटोसाठी मुद्दाम उकरून मांडली असावीत, असे अभ्यासक मानतात.

तिसरे चित्र रशियन चित्रकार वेरेश्चागिन याने १८८४ च्या सुमारास काढले. तोफांच्या तोंडी बांधलेले पांढऱ्या कपड्यांतले कैदी, शेजारी इंग्रज सैनिक. इथे चेहरा दिसतो तो मरणाऱ्याचा. सैनिकांचे गणवेश १८५७ चे नाहीत, नंतरचे आहेत. ती चूकच म्हणावी, असेही नाही. १८७२ साली पंजाबात मालेरकोटल्याला साठाहून अधिक कूका शिखांना असेच तोफेने उडवले होते. वेरेश्चागिनला केवळ इंग्रजांचा राग होता म्हणावे, तर रशियातल्या फाशीचे चित्रही त्यानेच रंगवले. तोफांच्या मूळ चित्राचा आज पत्ता नाही. छापील प्रतींवरूनच आपण ते ओळखतो.

मग आपली माणसे गप्प होती का? नव्हती. त्यांची चित्रे शब्दांत आहेत. उजाड दिल्लीवरच्या उर्दू शोककविता १८६३ मध्ये ‘फुगान-ए-देहली’ या नावाने छापल्या गेल्या. आणि आपल्या मराठीत तर वरसईचे विष्णुभट गोडसे आहेत. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला हा गरीब ब्राह्मण १८५८ मध्ये झाशीत सापडला. इंग्रज फौजेने केलेली कत्तल आणि लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाले. त्या कत्तलीसाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘बिजन’. मूळ फारसी, अर्थ ‘मार’. भटजींच्या मराठीत तो परका वाटत नाही. मरणाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. त्यांचे दुःख सांगायला दोघांची भाषा एकत्र आली, असे मला वाटते.

आज ही चित्रे पुस्तकांत शेजारी शेजारी छापली जातात. मुलांना ती जरूर दाखवावीत. पण दाखवताना, दारात आधी कोण होते आणि नंतर कोणाला उभे केले, हेही सांगावे. आणि जमल्यास गोडसे भटजींची दोन पाने त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.