वाद्यवृंदाला आधी घर द्या



वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘सुतार का झोपडा’ म्हणतात त्या विश्वकर्मा लेण्यात, आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तेथे कोणी ओंकार लावला, की तोंड मिटल्यावरही तो स्वर दगडी फासळ्यांच्या छताखाली रेंगाळत राहतो. हे चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे. दाराशी टाळी वाजवली, तर तिचा आवाज पार टोकाच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. दगड आवाज फारसा गिळत नाही. म्हणून तो या भिंतीवरून त्या भिंतीवर येरझाऱ्या घालतो आणि हळूहळू विरतो. यालाच घुमणे म्हणायचे, आणि आजच्या माझ्या विषयाचे मूळ या घुमण्यातच आहे.

आपल्या संभाजीनगरात आज कितीतरी तरुण मुले-मुली घरच्या संगणकावर एकांकिकेचे किंवा लघुपटाचे संगीत तयार करतात. साठ-सत्तर वादकांचा ताफा कोणाला परवडणार? मग ते व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट यांचे आधी मुद्रित केलेले स्वर घेतात आणि त्यांतून वाद्यवृंद उभा करतात. पुढे या स्वरांवर संस्कार करण्यासाठी ‘प्लगइन’ नावाची छोटी साधने लागतात. बाजारात ती शेकड्यांनी आहेत. शिकवण्या करून साठवलेले पैसे मुले त्यांवर घालतात, आणि एवढे करूनही संगीत पिठल्यासारखे एकजीव होऊन बसते; कोणते वाद्य कोठे आहे ते कळतच नाही. ‘आता आणखी कोणते प्लगइन घेऊ?’ असा प्रश्न मग येतो. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न पहिला नव्हेच. पहिला प्रश्न असा: तुमचे वादक कोठे बसले आहेत?

खऱ्या वाद्यवृंदाची बैठक ठरलेली असते. पुढे तंतुवाद्ये, मध्ये बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्ये, त्यांच्या मागे पितळी वाद्ये, आणि बहुधा सर्वांच्या मागे टिंपनी. प्रत्येकाचा आवाज श्रोत्याकडे दोन वाटांनी येतो. एक सरळ, दुसरी भिंतींवरून. जवळच्या वादकाचा सरळ आवाज ठसठशीत असतो, दूरच्या वादकाच्या आवाजात भिंतींचा वाटा वाढतो. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’ हे गाणे आठवा. लताबाईंना माइकपासून दूर उभे करून, गात गात जवळ यायला लावले होते. अंतर म्हणजे केवळ आवाज लहान-मोठा करणे नव्हे, हे त्या मुद्रणात कानाला कळते.

हे घुमणे मापण्याचे शास्त्र हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी घडवले. १८९५ मध्ये एका व्याख्यानगृहात शब्द ऐकू येईनात, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे ठेवल्या आणि आवाज किती लवकर विरतो ते मोजले. त्याच अभ्यासावर १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. भरलेल्या सभागृहात तेथे आवाज सुमारे दोन सेकंदांत विरतो, आणि वाद्यवृंदाला हे माप मानवते. बोलण्याला मात्र त्याच्या निम्मे पुरे.

पुढे हे घुमणे यंत्रातून आणण्याची खटपट झाली. १९५७ मध्ये जर्मनीत पोलादी पत्रा ताणून एक यंत्र केले; त्याचे वजन अडीचशे किलोंच्या वर होते. आज तेच काम प्लगइन करते. त्यांतला एक प्रकार फार नामी आहे. खऱ्या वास्तूत फुगा फोडून किंवा खालून वर चढत जाणारा सूर वाजवून तेथील घुमणे मुद्रित करतात. संगणक मग आपल्या संगीताच्या कणाकणाला तीच शेपटी जोडतो. लॉजिकमधील स्पेस डिझायनर, रीपरमधील रिॲव्हर्ब ही त्या जातीची साधने मूळ कार्यक्रमाबरोबरच येतात. वास्तूंचे असे नमुने इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात कोणालाही मिळतात. तेव्हा खिसा रिकामा करण्याची घाई नको.

आता निवड कशी करावी ते सांगतो. आधी आपल्याकडचे स्वर कोठे मुद्रित झाले ते पाहा. लंडनच्या एअर स्टुडिओतील लिंडहर्स्ट हॉल ही मुळात चर्चची इमारत. तेथे मुद्रित झालेल्या स्वरांत तो हॉल आलेलाच असतो. त्यांवर दुसरा हॉल चढवणे म्हणजे घरात घर बांधणे होय. स्वर कोरडे असतील, तर सर्वांसाठी एकच सभागृह निवडा. पुढच्या वाद्यांना त्याचा अंश थोडा द्या, मागच्यांना अधिक. खर्जाचे घुमणे चाळून कमी करा, कारण गढूळपणा बहुधा तेथूनच येतो. दूरच्या वाद्याची धार किंचित बोथट करा. निसर्गही तेच करतो.

आणि कॉम्प्रेसर? हलक्या आवाजाला वर आणि मोठ्याला खाली ओढून सगळे एका पातळीत आणणारे हे साधन. वाद्यवृंदाचा जीव तर चढ-उतारांत असतो. म्हणून त्याचा वापर जेवणातल्या मिठाइतकाच करावा.

संगीत कोठे वाजणार हेही ध्यानात घ्या. कानात गुंड्या घालून ऐकणाऱ्याला सभागृह तुम्हीच द्यायला हवे. एकनाथ रंगमंदिरात एकांकिका असेल, तर तेथील भिंती आपले घुमणे घालणारच. तेथे हात आखडता बरा, नाही तर नटाचे वाक्य बुडते, आणि वाक्य बुडाले की नाटक बुडाले.

कोणी विचारील, मग आपल्या लेण्याचेच घुमणे का घेऊ नये? जरूर घ्यावे, मात्र संरक्षित वास्तू आहे, पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी काढावी. त्यात संथ आलाप खुलेल, तंबोऱ्याची आस खुलेल. व्हायोलिनची द्रुत धाव मात्र त्या दगडांत एकमेकींत मिसळून जाईल. प्रत्येक वास्तू प्रत्येक संगीताला मानवत नाही, आणि ही निवड कोणतेही प्लगइन तुमच्यासाठी करीत नाही. ती कानानेच करावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी एवढेच करा. सारी साधने बंद ठेवा, डोळे मिटा आणि टिंपनीवाला किती पावलांवर उभा आहे ते स्वतःला विचारा. उत्तर आले, की कोणते साधन हवे आणि किती, हे आपोआप ठरते. उत्तर आले नाही, तर खरेदी थांबवून थोडे अधिक ऐकावे. ऐकण्याला पैसा पडत नाही.