इरकली पदराचा जोड

(शेतकरी व विणकर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आम्हीं आज दोन लुगडीं बरोबर आणलीं आहेत. एक इरकलच्या हातमागावरचें. दुसरें यंत्रमागाचें, त्यावर इरकली पदर नुसता उतरविलेला. गेल्या दिवाळींत हें दुसरें आमच्याच घरांत हातमागाचें म्हणून आलें. दुकानदारानें फसविलें खरें. पण आजीनें हयातभर नेसलेलें वस्त्र आम्हां नातवांस पारखतां आलें नाहीं, याची लाज अधिक वाटली.

इरकल हें कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांतलें गांव. तिथलें लुगडें आपल्या इकडे शेतकऱ्यांच्या घरोघर नांदलें. त्याची खरी कारागिरी पदराच्या जोडांत आहे. अंगाचा ताणा निराळा, बहुधा सुताचा. पदराचा ताणा निराळा, तांबड्या रेशमाचा. दोहोंचे धागे फासे करून एकमेकांत अडकवितात, तेंही हातानें. तिकडे याला 'टोप तेनी' म्हणतात. म्हणून ताणा चढवायचा तो एकेका लुगड्यापुरता; ठाणच्या ठाण ओढून काढण्याची सोय नाहीं. तांबड्या पदरावर पांढरी नक्षी कसली? फणी, किल्ल्याचा तट आणि जोंधळ्याचें कणीस! राजवाड्यांतल्या मोरपोपटांपेक्षां आम्हांला हें कणीसच गोड वाटतें.

धारवाडकडच्या बाया अशा लुगड्यावर कसुतीचा कशिदा काढतात. कापडाचे धागे मोजून टाका घालावयाचा, गांठ मारावयाची नाहीं. गवंती टाका उलटसुलट दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सगळें सुईनें.

आतां शहरांत यालाच फॅशन म्हणतात. म्हणोत बापडे! मागाला वीज लागत नाहीं, सुती अंग विरलें तर त्याची वाकळ होते, हें त्यांना आतां कळलें. आपल्या बाया तें नेसून भांगलण करीत होत्या. तक्रार एवढीच, कीं नक्षी कारागिराची, आणि पैका नक्षी उतरवून घेणाऱ्याचा. विणकराच्या घरीं कांड्या भरणारी बायको, म्हातारी आई, यांची मजुरी तर हिशेबांत धरीतच नाहींत. मग पोरगा मागावर कशाला बसेल?

कायदा नाहीं असें नाहीं. 1985 सालीं कांहीं प्रकारचें कापड हातमागासाठींच राखून ठेवलें. गिरणीवाले व यंत्रमागवाले कोर्टांत गेले. 1993 सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायदा कायम केला. पण राखीव प्रकार 22 होते, ते पुढें 11 उरले. 2006 पासून 'हँडलूम मार्क' हें चिन्हही आहे. तें मागून घ्या. तरी दुकानांत कायदा येऊन उभा राहत नाहीं, तिथें आपलेंच बोट कामाचें.

हीं लुगडीं आतां बायांकडे देतों. अंग संपून पदर लागतो, तिथें उलटें करून बोट फिरवा. एकांत फाशांची बारीक ओळ लागेल. दुसऱ्यांत तेच धागे सरळ पदरांत गेलेले दिसतील. कोणतें कोणतें, तें आम्ही सांगत नाहीं. मागच्या रांगेपर्यंत जाऊं द्या.