दोन स्टेशनांचे दादर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी विचारले, "विषय कोणता?" त्या म्हणाल्या, "तुम्हांला ठाऊक असेल तो." मला नीट ठाऊक असलेल्या गोष्टी दोनच. एक लोणचे आणि दुसरे दादर स्टेशन. लोणच्यावर मागच्या वर्षी बोलून झाले, आणि त्याचे परिणाम काहींच्या बरण्यांनी भोगलेही. तेव्हा आज स्टेशन.

हसू नका. आपल्यांतल्या कित्येकींनी देवळात जितक्या वेळा पाय ठेवला नसेल तितक्या वेळा या स्टेशनात ठेवला आहे. माझे माहेर कल्याणचे. १९६९ साली मला अंधेरीला नोकरी लागली. कल्याणहून दादर, तिथे पूल चढायचा, उतरायचा, आणि पलीकडची गाडी धरायची. तीन वर्षांनी लग्न होऊन मी दादरलाच आले. म्हणजे आधी मी पुलावरची होते, मग पुलाखालची झाले. पुलावरून जाणाराला दादर म्हणजे फक्त जिने आणि पाठी दिसतात. पुलाखाली राहू लागल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आले की, हे स्टेशन असे का? दोन्ही बाजूंना एवढी वस्ती, एवढ्या गाड्या, आणि मधे हा चिंचोळा पूल कोणी बांधला? कोणाच्या सोयीसाठी?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. दादर हे एक स्टेशन नाहीच. ती दोन स्टेशने आहेत, शेजारी शेजारी उभी असलेली.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, ती पूर्वेकडच्या रुळांवरून. १४ डबे, ३ इंजिने, ४०० च्या आसपास पाहुणे आणि वर २१ तोफांची सलामी. ती जी. आय. पी. कंपनीची. दुसरी कंपनी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया, जिला आपल्या घरची म्हातारी माणसे नुसते 'बी. बी.' म्हणत. ती गुजराथेकडून खाली आली आणि १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोचली. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईला तिची पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसातून एक जायला आणि एक यायला. आज एक गाडी चुकली तर चार मिनिटांत दुसरी येते तरी आपण कपाळाला आठी घालतो! तेव्हाच्या बायकांनी गाडी चुकल्यावर काय केले असेल, देव जाणे.

सांगायचा मुद्दा असा की, या दोन कंपन्यांचे मालक वेगळे, हिशेब वेगळे, आणि दोघींची टोकेही वेगळी. एकीला पुणे आणि भुसावळ गाठायचे होते, दुसरीला सुरत आणि बडोदे. दादरला त्यांचे रूळ एकमेकांच्या इतके जवळ आले, पण ते दोन जावा एका चाळीत राहाव्यात तसे. आपापली चूल, आपापला दरवाजा. एकीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसणारे माणूस हे दोघींच्याही जमाखर्चात नव्हते. तेव्हा अशी माणसेही फार नसावीत.

पुढे ती वाढली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे दाटीवाटीच्या चाळींत पटापट मेली, आणि त्यानंतर १८९८ साली इंप्रुव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांची, झाडांची वस्ती आखली. आपली हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातली. पश्चिमेला १९२५ साली मैदान खुले झाले, त्याचे पुढे शिवाजी पार्क झाले. १९२८ च्या ५ जानेवारीला बी. बी. ची विजेची गाडी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत धावू लागली. दोन्ही बाजूंना घरे झाली, शाळा झाल्या, नाट्यगृहे झाली. सगळे कसे आखून झाले. राहिला तो मधला पूल.

मग १९५१ साल आले. ५ नोव्हेंबरला जी. आय. पी. ची मध्य रेल्वे झाली आणि त्याच दिवशी बी. बी. ची पश्चिम रेल्वे. आता मालक एकच, भारत सरकार. आपल्या घरात जावा वेगळ्या झाल्या तरी सासूबाईंनी एकदा दटावले की निदान न्हाणीघर तरी एकत्र वापरतात. इथे तेवढेही झाले नाही. मध्य रेल्वेचे फलाट एक, दोन, तीन, आणि पश्चिम रेल्वेचेही एक, दोन, तीन. एका स्टेशनात दोन 'एक नंबर'! गावाहून पाहुणे यायचे असले की त्यांना पत्रात बजावून लिहावे लागे, 'सेंट्रलचा एक नंबर, वेस्टर्नचा नव्हे.' तरीही एकजण एका एक नंबरावर आणि दुसरा दुसऱ्या एक नंबरावर तास तास उभा, अशी गोष्ट दादरच्या प्रत्येक घरात सापडेल. ही चूक दुरुस्त झाली ती २०२३ च्या ९ डिसेंबरला. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत आकडे मिळाले. १९५१ पासून २०२३ म्हणजे ७२ वर्षे. एका स्टेशनातले फलाट एका ओळीत मोजायला ७२ वर्षे लागली! मी कोणाला दोष देत नाही, बायांनो, नुसती वजाबाकी करून दाखवते.

दुसरी गोष्ट गर्दीच्या वाटेची. लोक म्हणतात, माणसे वाढली म्हणून गर्दी वाढली. अर्धेच खरे आहे. गर्दीने वाट बदलली, हे उरलेले अर्धे. परळ, लोअर परळ, एल्फिन्स्टन ही गिरणगावची स्टेशने. गिरणीत काम करणारा माणूस गिरणीजवळच्या चाळीत राही. भोंगा झाला की पायी निघे. त्याला लोकलची फारशी गरज नव्हती आणि पुलांची तर नव्हतीच. १९८२ च्या जानेवारीत संप झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. आता तिथे काम करणारा माणूस डोंबिवलीहून येतो, विरारहून येतो. तो गाडीनेच येतो, आणि सगळे एकाच वेळी येतात. वरच्या इमारती नव्या, खालचे जिने मात्र पायी चालणाऱ्यांच्या काळातले.

याचा शेवट काय झाला ते आपण सगळ्यांनी पाहिले. २०१७ च्या सप्टेंबरची २९ तारीख, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलावर माणसे पावसासाठी थांबून राहिली आणि खालून गाड्या भरभरून येतच राहिल्या. २३ माणसे गेली. फुलांची पाटी पडली, कोणी 'फूल गिर गया' म्हणाले, आणि ऐकणाऱ्यांना 'पूल गिर गया' असे ऐकू आले, असे तेव्हा छापून आले होते. ते खरे असो वा नसो, पुलाची रुंदी काही कोणाच्या ओरडण्याने कमी झाली नव्हती. रुंद पूल मंजूर झालेला होता, तो कागदावर होता. अपघातानंतर लष्कराला बोलावले आणि २०१८ च्या २७ फेब्रुवारीला नवा पूल उघडला. म्हणजे पाच महिन्यांत झाला. जे पाच महिन्यांत होऊ शकते ते आधी का होत नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून झोपू देत नाही.

त्या दिवशी मी घरी तोरणासाठी झेंडू ओवत बसले होते. आपल्या फुलबाजारातूनच आणलेला. वसईकडच्या बायका पहाटेच्या गाडीने चाफा, मोगरा घेऊन या बाजारात येतात, तुम्ही पाहताच. डोक्यावर पाटी, काखेत पिशवी, आणि समोर जिना. पुढे कितीतरी दिवस मला झेंडूच्या वासाने कसेसेच होई.

आता बायकांचे बोलते. १९९२ च्या ५ मेला चर्चगेटहून बोरिवलीला खास महिलांची गाडी सुरू झाली, तेव्हा मी त्या गाडीत बसले होते. पहिल्याच दिवशी नव्हे, पण पहिल्या आठवड्यात. इतक्या बायका एकत्र आणि कोणाचे कोपर लागत नाही, याचा आनंद काय असतो तो पुरुषांना सांगून कळायचा नाही. पण डब्यात जागा मिळाली म्हणजे स्टेशन आपले झाले, असे नाही.

एक गोष्ट मी आजवर चारचौघींत कधी सांगितली नाही. १९७८ साल. मला सहावा महिना होता. वाटेतल्या एका स्टेशनात, त्याचे नाव घेत नाही, मला गाडीतून उतरावे लागले. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली कोणाकडे? एकाकडे. तो कुठे? चहाला गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही, कारण आजूबाजूला माणसे होती. एक भाजीवाली मावशी होती, तिने आपल्या लुगड्याचा आडोसा धरला आणि म्हणाली, "बस गं पोरी, लाजू नको." तिचे नावही मी विचारले नाही.

त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत मी दुपारी साडेतीननंतर पाणी प्यायले नाही. तीस वर्षे. मला वाटायचे, ही माझी एकटीची खोड. पुढे एकदा डब्यात सहज बोलणे निघाले, तर बाकावरच्या आठ जणींतल्या सहा जणी तेच करीत होत्या. कोणी दोनपासून, कोणी जेवणापासूनच. डॉक्टर सांगतात पाणी भरपूर प्या, आणि आपण गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे तहान लावून घेतो. २०११ पासून मुंबईत काही संस्थांनी मिळून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालवली आहे. नाव ऐकून आपल्यातल्या काही जणी पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. मीही हसले होते. मग मला ती भाजीवाली आठवली.

तुम्ही म्हणाल, बाई तक्रारीच सांगतात. तर एक चांगली गोष्टही सांगते. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायला लाखो माणसे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून येणारी माणसे मध्य रेल्वेने येतात आणि चैत्यभूमी आहे पश्चिमेला. म्हणजे त्यांना नेमके हे दोन्ही दादर ओलांडावे लागतात. म्हाताऱ्या बाया, कडेवर मुले, हातात गाठोडी. त्या दिवसांत काय होते पाहा. दोरखंड लागतात, कोणत्या वाटेने जायचे ते सांगायला माणसे उभी राहतात, पाण्याची सोय होते, फिरते संडास लागतात, ठिकठिकाणी मराठीत पाट्या लागतात. दोन्ही रेल्वे, महापालिका, पोलीस आणि स्वयंसेवक एकमेकांशी बोलतात. पुलाच्या मधली ती न दिसणारी रेघ त्या दिवसापुरती पुसली जाते आणि दादर एक स्टेशन होते. एरवीपेक्षा कितीतरी जास्त माणसे, आणि तरी ती पार पडतात. आमच्या शेजारच्या वहिनी दर वर्षी त्या दिवशी फुलबाजाराच्या तोंडाशी पाणी वाटायला उभ्या राहतात, त्यांना विचारा.

म्हणून, जागाच नाही, माणसेच फार, असे कोणी सांगितले की मला पटत नाही. वर्षातून एकदा जमते ते इतर दिवशी निदान चार आणे तरी जमावे. सरकते जिने आले, फलाट रुंद झाले, हे मी डोळ्यांनी पाहते आहे आणि मनापासून बरे म्हणते. पण सरकता जिना बंद असला की तो साध्या जिन्याहून उंच होतो, हे गुडघे दुखणाऱ्यांना विचारावे.

आता मुद्द्यावर येते, चिटणीसबाई घड्याळ पाहत आहेत. आपण अर्ज करतो तेव्हा लिहितो, 'फार गैरसोय होते.' वाचणारा साहेब 'फार' या शब्दाचे काय करणार? त्याला आकडा हवा. तेव्हा मी एक वही केली आहे. तिच्यात एक ते चौदा असे चौदाही फलाट मांडले आहेत. प्रत्येकापुढे रकाने आहेत. बायकांचा संडास आहे का, सकाळी आठला उघडा होता का, संध्याकाळी सातला होता का, पाणी होते का, दिवा होता का. पुलांची पाने वेगळी. पायऱ्या किती, सरकता जिना चालू की बंद, आणि खाली उभे राहिल्यावर कोणती पाटी दिसते. आपण महिनाभर रोज दोघींनी एक तास जायचे. प्लॅटफॉर्म तिकीट मंडळाच्या खर्चाने, हे अध्यक्षीणबाईंनी आत्ताच मान डोलावून कबूल केले आहे. महिन्याने जे निघेल ते दोन प्रतींत लिहून एक प्रत पूर्वेला द्यायची, एक पश्चिमेला, आणि प्रत्येक प्रतीवर दुसरी कोणाला दिली आहे ते ठळक अक्षरांत लिहायचे.

वही दारापाशी चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव आणि सोयीचा वार लिहा. सोमवार सकाळ मी घेतली आहे. टिळक पुलाच्या बाजूने सुरुवात करणार आहे. माझ्याबरोबर कोणी तरुण मुलगी आली तर बरे, पायऱ्या मोजताना मला हल्ली मधेच आकडा विसरायला होतो.