औषध आणि त्याचे वाहन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदाच्या प्रसंगी क्षयरोगासारखा विषय निवडल्याबद्दल आम्ही प्रथम आपली क्षमा मागतो. परंतु आपल्या या लक्ष्मीबाई नगरापासून ‘एम्स’ आणि सफदरजंग ही दोन्ही रुग्णालये पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्या बाहेर पदपथावर अंथरूण टाकून आपली पाळी येण्याची वाट पाहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

मराठी माणसाला या रोगाची ओळख फार जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. शत्रू कोण हे ठाऊक झाले होते. शस्त्र मात्र हाती नव्हते. ते शस्त्र, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. मधल्या काळात रुग्णाला स्वच्छ हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच आधार होता. मिरजेजवळील वानलेसवाडीच्या आरोग्यधामाचे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो. त्यानंतर रिफाम्पिसिन आले आणि दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला.

मग प्रश्न असा पडतो की, औषध असूनही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आपल्याच देशात का असावेत? दारिद्र्य, कुपोषण, दाटीची वस्ती ही कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण आहे, आणि ते आम्ही फार जवळून पाहिले आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ होते. निदान वेळेवर झाले, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले. गोळ्यांनी पोटात मात्र मळमळे. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि रोगाचे नाव बाहेर जाऊ नये अशी धास्ती होती. त्यांनी कुणालाही न सांगता गोळ्या सोडल्या. वर्षभरात रोग उलटला, आणि या वेळी रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड ही दोन्ही प्रमुख औषधे त्याला लागू पडेनात. पुढे जवळजवळ दोन वर्षे उपचार चालला. त्यात महिनोन् महिने इंजेक्शने घ्यावी लागली. जीव वाचला, परंतु त्या इंजेक्शनांनी त्यांची श्रवणशक्ती बरीचशी गेली. त्या दिवसांत आम्ही त्यांना रोज भेटत होतो. गोळ्या चालू आहेत ना, एवढे साधे आम्ही एकदाही विचारले नाही.

सहा महिने का लागतात, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या फुप्फुसात भक्षकपेशी असतात. आलेल्या जंतूला गिळून नष्ट करणे हे त्यांचे काम. क्षयजंतू मात्र गिळला गेल्यावरही मरत नाही. पहारेकऱ्याच्याच घरात तो बिऱ्हाड थाटतो आणि कित्येकदा तेथे निद्रिस्त राहतो. पोटात घेतलेली गोळी सर्व शरीरात पसरते, तिचा थोडाच अंश या लपलेल्या जंतूपर्यंत पोहोचतो, आणि बराचसा काही तासांत बाहेर टाकला जातो. त्यातही जठरातील आम्लात आयसोनियाझिडच्या सान्निध्यात रिफाम्पिसिनचा काही भाग विघटित होतो. म्हणजे उणीव औषधाची नाही, त्याच्या वाहनाची आहे.

येथे अब्जांश तंत्रज्ञान उपयोगी पडू पाहते. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी स्थूलमानाने ८०,००० नॅनोमीटर भरते, आणि क्षयजंतूची लांबी दोन-तीन हजार. औषध ज्या कणात भरावयाचे तो कण दोन-तीनशे नॅनोमीटरचा, म्हणजे जंतूच्याही दशांश. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीच्या बहुवारिकाचे हे कण करतात. शरीरात ते हळूहळू विरतात आणि औषध थोडेथोडे सोडतात.

खरी गंमत पुढेच आहे. भक्षकपेशी या कणांनाही परकी वस्तू समजून गिळतात. १६६३ साली लग्नाच्या वरातीचे निमित्त करून शिवाजी महाराजांची माणसे पुण्यात शिरली आणि लाल महालात शाएस्तेखानापर्यंत पोहोचली, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. हेही तसेच आहे. ज्या दाराने शत्रू आत गेला, त्याच दाराने औषध आत जाते.

हे केवळ कल्पनेत राहिलेले नाही. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. जी. के. खुल्लर, डॉ. राजेश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही तीन औषधे अशा कणांत भरली आणि क्षयबाधित गिनीपिगांना श्वासावाटे दिली. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दर दहाव्या दिवशी एक याप्रमाणे पाच मात्रांनंतर फुप्फुसात क्षयजंतू आढळले नाहीत. तेवढाच गुण येण्यास तोंडावाटे दिलेल्या नेहमीच्या औषधाच्या रोज एक अशा ४६ मात्रा लागल्या. ४६ च्या जागी ५! आमच्या त्या गृहस्थांना दहा दिवसांतून एकदाच औषध घ्यावे लागले असते, तर त्यांनी ते सोडले असते काय?

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. गिनीपिग म्हणजे मनुष्य नव्हे. या गोष्टीला दोन दशके उलटून गेली, तरी हे कण क्षयरोगाच्या नित्य उपचारात आलेले नाहीत. प्रयोगशाळेत चिमूटभर होणारे कण कारखान्यात एकसारख्या आकाराचे करणे अवघड आहे. ते करताना वापरलेल्या द्रावकांचा अंशही मागे राहता कामा नये. क्षयाच्या औषधांची मात्रा मोठी असते. ती इवल्या कणांत मावविणे सोपे नाही. आणि ज्यांना हा रोग प्रामुख्याने होतो, त्यांना परवडेल अशी किंमत ठेवणे सर्वांत कठीण. तरी ही वाट बंद नाही. क्षयजंतूच्या एका भाऊबंदाने होणाऱ्या फुप्फुसविकारावर अमिकासिन हे औषध स्निग्ध सूक्ष्मपुटिकांत भरून श्वासावाटे देण्यास अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली आहे.

तोपर्यंत काय करावे? गोळ्या सरकारकडून विनामूल्य मिळतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. परंतु ती गोळी सहा महिने रोज पोटात जाते की नाही, हे पाहणारे माणूस कोणत्याही योजनेतून आपोआप मिळत नाही. सूक्ष्मकण येतील तेव्हा येतील; आज औषधाचे वाहन शेजारी आहे, सहकारी आहे, आणि पन्नास वर्षे परगावी एकमेकांना धरून राहिलेले आपल्यासारखे मंडळ आहे. आपल्या घरी काम करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, कार्यालयातील सोबती यांपैकी कुणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर त्याला तपासणीला न्यावे. उपचार चालू असेल तर आपुलकीने विचारावे. आणि त्या रोगाचे नाव आपल्या घरात तरी कुजबुजत घेऊ नये.

आम्ही एकदा विचारावयाचे राहून गेलो. आपण राहू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.