चाखण्याचा शिष्टाचार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे आमच्या कानांवर आले आहे. त्यांचा आम्हांला राग नाही. ज्या गोदाकाठी कीर्तने-प्रवचने व्हावयाची तेथे वाइनच्या पेल्यावर कोणी बोलू लागला तर शंका येणारच. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की, पिण्याची वकिली करण्यासाठी आम्ही उभे नाही. जो पीत नाही त्याने पिऊ नये. त्याच्या नियमाला आमचा नमस्कार आहे. परंतु वायनरी ही वस्तू आता आपल्या नाशकात आली आहे, आणि ज्या घरी माणसे जातात त्या घरी कसे वागावे हा प्रश्न सभ्य माणसाला टाळता येत नाही.

एक काळ असा होता की, आपल्याकडे द्राक्ष म्हणजे खाण्याचे किंवा बेदाण्याचे. १९९७च्या सुमारास राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनच्या जातींची लागवड केली, २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि २००५ साली सुला या त्यांच्या वायनरीत लोकांना वाइन चाखता यावी म्हणून देशातील पहिली खास खोली उघडली. त्यानंतर दिंडोरीकडे, विंचूरला, इगतपुरीच्या वाटेवर एकेक वायनरी उभी राहिली. आता रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे घरी उतरतात, काळाराम आणि पंचवटी पाहतात, आणि चहा संपता संपता हळूच म्हणतात, “वायनरीही दाखवा की!” मग आपण निघतो, आणि घरी जो यजमान होता तोच तेथे पाहुणा होतो.

खरी गंमत येथून पुढे आहे. पाहुणा म्हणून वागण्याची आपली रीत आपण पंगतीत शिकलो. पानात काही टाकू नये. यजमानाने वाढले तर नको नको म्हणत का होईना, घ्यावे. आणि आपण वाढीत असलो तर आग्रह करावा. जिलबीचे ताट घेऊन उभे राहावे व समोरच्याने हाताने पान झाकले तरी बोटांच्या फटीतून एक सोडावी. ही रीत आम्हांला फार प्रिय आहे. पण वायनरीच्या टेबलाशी तिची तिन्ही कलमे उलटी करावी लागतात.

कशी ते सांगतो. चाखण्यासाठी जो पेला देतात त्यात वाइन थोडीच असते, सुमारे ३० मिलिलिटर. असे चार, पाच किंवा सहा प्रकार एकामागून एक येतात. साधारणपणे आधी पांढऱ्या, मग लाल, गोड असेल ती अखेरीस. पेला दांडीला धरावा, कारण हाताच्या उबेने आतील गारवा जातो. रंग पाहावा, पेला किंचित फिरवावा, वास घ्यावा, घोटभर तोंडात घेऊन घोळवावी. आणि नंतर? नंतर जवळच्या भांड्यात थुंकून टाकावी! आमच्या आजीने हे ऐकले असते तर कान धरला असता. पण पानाच्या तबकाशेजारी पिकदाणी ठेवणारेही आपणच होतो. तेथे ती शोभून दिसत होती, तर येथे हे भांडे काय म्हणून लाजिरवाणे वाटावे? जे धंद्यानेच वाइन चाखतात ते दिवसभरात पन्नास-पन्नास नमुने पाहतात. न थुंकता त्यांना विसावा नमुना पहिल्यापासून वेगळा ओळखता येणार नाही. उरलेली वाइन त्याच भांड्यात ओतणे हीही तेथील सभ्यताच आहे. ओतणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही.

राहिला आग्रह. दिंडोरीच्या बाजूच्या एका ठिकाणी आम्ही एक कुटुंब पाहिले. सातआठ माणसे, त्यांत एक नवी सूनबाई. तिने पहिला पेला नुसता ओठांना लावून खाली ठेवला. लगेच एक काका सरसावले. “घे गं, घे! वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच. त्यात कसली आलीय दारू?” वडील माणसाचा शब्द, मुलीने भिडेपोटी घेतला. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी तिचा चेहरा आम्हांला पाहवेना. तेव्हा टेबलामागच्या वाढप्या पोराने काही न बोलता ते भांडे तिच्या बाजूला सरकवले आणि म्हटले, “ताई, इथं ओतलं तरी चालतं.” त्या पोराला कोणी शिष्टाचार शिकवला असेल तो असो, काकांपेक्षा त्याला तो अधिक येत होता.

काकांचे वाक्य खोटेही होते. द्राक्षाच्या रसात मद्यार्क नसतो, वाइनमध्ये शंभरात १२-१३ भाग असतो. ज्याला नको आहे त्याला एकदाच विचारावे आणि ‘नको’ ऐकले की विषय सोडावा. कारण विचारू नये. औषध चालू असेल, व्रत असेल, पोटात बाळ असेल, किंवा नुसतेच नको असेल. चारचौघांत सांगायला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक गोष्ट अत्तराची. लग्नाला निघाल्यासारखे अत्तर लावून तेथे जाऊ नये. वाइनचा निम्म्याहून अधिक आनंद नाकात आहे, आणि तुमच्या मनगटावरचा मोगरा शेजाऱ्याच्या पेल्यात उतरतो. सिगारेटचेही तेच. मोठ्या आवाजातल्या पांडित्याचेही जवळजवळ तेच! १९७६ साली पॅरिसमध्ये नावे झाकून वाइन चाखण्याची एक परीक्षा झाली. परीक्षक नामवंत फ्रेंच होते. त्यांनी लाल आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक देऊन टाकला. इतक्या जाणत्यांची ही गत, तर आपण पहिल्याच घोटाला “ही काही खास नाही बुवा” असे का पुकारावे? न आवडली तर बाजूला ठेवावी. आवडली तर ओतणाऱ्याला सांगावे, आणि जे कळत नाही ते विचारावे. विचारलेले त्यांना आवडते.

मळ्यात शिरताना मात्र अधिक जपावे लागते. येथे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी. मग डावणी, भुरी, अवकाळी पाऊस, गारपीट यांतून वाचलेला घड जानेवारी ते मार्चमध्ये खुडला जातो. पेठ-सुरगाण्याकडची माणसे येऊन पहाटेच्या गारव्यात हे काम करतात. तो घड आपण फोटोसाठी ओढावा, दोन मणी खाऊन टाकून द्यावा, ही कसली रसिकता? शिवाय वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. आपल्या थॉमसनची चव त्यात शोधणाऱ्याची निराशाच व्हावयाची. त्यावर फवारणी झाली आहे की नाही तेही आपल्याला ठाऊक नसते.

पायांतील जोड्यांचेही भान हवे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड युरोपात गेली आणि १८६० नंतरच्या काही दशकांत फ्रान्सचे बहुतेक द्राक्षमळे तिने बसवले. पुढे अमेरिकन खुंटावर कलम बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने ही कीड आजवर शिरू दिलेली नाही. म्हणूनच तेथे पाहुण्यांनी वेलींच्या ओळींत शिरू नये आणि एका मळ्यातील माती जोड्याला लावून दुसऱ्यात नेऊ नये, असे बजावून सांगतात. तेथे कोणाला हा शिष्टपणा वाटत नाही.

आत टाक्यांच्या दालनात तर दाखवणाऱ्याचा शब्द हुकूम समजावा. रस आंबत असताना एक लिटरमागे ४० लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, वासरंग नसलेला. टाकीच्या तोंडाशी व खालच्या जागेत साठून राहतो. टाकीत डोकावणारा माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. असे मृत्यू जगभर झाले आहेत. मुलांना बरोबर नेलेच तर हात सोडू नये.

काही ठिकाणी आधी कळवून जावे लागते, तेथे कळवावे. दहा माणसे घेऊन अवचित दारात उभे राहू नये. चाखण्याचे पैसे घेतात त्यावर घासाघीस करू नये. बाटली घेतलीच पाहिजे असे नाही, पण तासभर एखाद्याला बोलते ठेवून, वर “गावात स्वस्त मिळते” असे ऐकवून निघणे बरे नव्हे. आणि घेतलीत तर वैशाखातल्या बंद मोटारीत ती दिवसभर ठेवू नका. त्या माणसांनी महिनेन्‌महिने गारव्यात जपलेली वस्तू एका दुपारी शिजून जाते.

मोटारीवरून आठवले. सहा पेले चाखले आणि थुंकले नाही, तर सुमारे १८० मिलिलिटर पोटात गेली. म्हणजे चांगला भरलेला एक पेला. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे, आणि बेताच्या अंगकाठीचा माणूस एवढ्याने ती सहज ओलांडतो. “मला काही चढली नाही” हे त्यावर उत्तर नव्हे. म्हणून गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच, चहाच्या वेळी ठरवावे. ज्याच्याकडे किल्ली त्याचा पेला रिकामा राहील, आणि त्याच्यापुढे कोणी बाटली धरणार नाही. त्याने वास जरूर घ्यावा, रंग पाहावा, प्रश्न विचारावेत. त्र्यंबक रस्त्याला संध्याकाळी परतणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्या कडेने सायकलवरून कामकरी मंडळीही घरी जात असतात.